वाचकांचे प्रश्न : आवारातील काँक्रीटला पडलेले तडे

गणेशोत्सवाच्या सुमारास आलेल्या पत्रांत यंदा घराच्या किंवा सोसायटीच्या आवारातील काँक्रीटविषयीचे प्रश्न बरेच होते. पावसाळाभर पाण्यात राहिलेले काँक्रीट याच दिवसांत आपली दुखणी वर काढते. त्यांपैकी काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे देत आहोत. पहिल्या उत्तरात मूलभूत गोष्टी आल्या असल्यामुळे ते लांबले आहे. पुढची उत्तरे वाचण्यापूर्वी ते वाचावे.

प्रश्न : नेरूळला आमचे रो-हाउस आहे. फाटकापासून पोर्चपर्यंत सुमारे तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी काँक्रीटची वाट आम्ही सहा वर्षांपूर्वी करून घेतली. जाडी चार इंच आहे. दुसऱ्याच वर्षी बरोबर मधोमध, एका कुंपणभिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, आडवा तडा गेला. त्यात एकदा सिमेंटचे पाणी ओतले, एकदा पांढरे सिमेंट भरले. दोन्ही वेळा तो पुन्हा उघडला. याशिवाय फाटकाजवळ, जेथून नळाची जोडणी आत घेतली आहे तेथे, एक तिरपा तडा असून त्याची एक बाजू खाली बसली आहे. गवंडी म्हणतो की वरून इंचभर कोबा करू, सगळे झाकले जाईल. तसे करावे का, की एखादे रसायन भरावे?
(एक वाचक, नेरूळ)

उत्तर : आपले दोन तडे दोन वेगळ्या कारणांनी पडलेले आहेत आणि एकाच उपायाने दोन्ही मिटणार नाहीत. कोब्याचा सल्ला मात्र दोन्हींसाठी सारखाच निरुपयोगी आहे, त्याचे कारण शेवटी सांगतो.

आधी मधल्या तड्याचे पाहू. काँक्रीट सुकताना आकसते. आयएस ४५६ या भारतीय मानकात हे आकसणे ढोबळमानाने धरण्यासाठी लांबीच्या दहा हजारांत तीन भाग असा आकडा दिलेला आहे. तीस फूट म्हणजे सुमारे नऊ मीटर. त्या हिशेबाने आपली वाट पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास आखूड होऊ पाहते. खालची जमीन तिला मोकळेपणी सरकू देत नाही, म्हणून ताण साठत जातो, आणि काँक्रीट जेवढा दाब सोसते त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढाच ताण सोसत असल्यामुळे ते कोठेतरी फाटतेच. यासाठी चार इंची काँक्रीटमध्ये दर आठ-दहा फुटांवर, जाडीच्या पाव ते एक-तृतीयांश खोलीचा काप घेतात. कंत्राटदार त्याला ग्रूव्ह कटिंग म्हणतात. तडा मग त्या कापाच्या तळाशी सरळ रेषेत, डोळ्यांना न दिसता जातो. ठाण्यात महापालिकेने यूटीडब्ल्यूटी पद्धतीने, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा पातळ थर देऊन, केलेल्या रस्त्यांवर चौकोन पाडणाऱ्या रेषा दिसतात, त्या याच कामासाठी आहेत. आपल्या वाटेत असा एकही काप नाही, म्हणून काँक्रीटने आपला सांधा आपणच पाडून घेतला.

हा तडा आता सांध्याचेच काम करीत आहे आणि ते त्याला करू द्यावे. तापमान एक अंशाने वाढले की काँक्रीट दर मीटरमागे मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाने लांबते. थंडीतील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत वीसच अंशांचा फरक धरला, तरी नऊ मीटरला तो पावणेदोन मिलिमीटर भरतो. सिमेंट, मग ते पांढरे असो की करडे, एकदा घट्ट झाल्यावर एवढे ताणले जाणे शक्य नाही. ते एका काठापासून सुटते आणि तडा पुन्हा दिसू लागतो. यात गवंड्याच्या हाताचा दोष नाही. न हलणाऱ्या तड्यात कठीण माल भरावा आणि हलणाऱ्या तड्यात लवचीक, एवढा एक नियम पाळला तरी दुरुस्तीवरचा निम्मा खर्च वाया जाणार नाही.

तडा हलतो की नाही हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. तड्यावर आडवी, बोटभर रुंदीची आणि अगदी पातळ अशी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी दोन-तीन ठिकाणी थापावी आणि तिच्याशेजारी तारीख लिहावी. पट्टी चिरली तर तडा हलतो आहे. उघड्यावर पावसाने ती विरघळते, म्हणून पाऊस थांबल्यावरच हे करावे. तड्याच्या दोन्ही टोकांवरही खूण करून ठेवावी, म्हणजे तो लांबत आहे का ते समजते. त्याचबरोबर त्याचे काठ जवळून पाहावेत. काठ धारदार आणि आतील खडी स्वच्छ असेल तर तडा अलीकडचा आहे. काठ गोलसर झिजलेले, आत काळपट गाळ आणि शेवाळ असेल तर तो जुना आहे. हे निरीक्षण दोन-तीन महिने तरी करावे. तेवढ्यात दिवाळी होऊन जाईल आणि काँक्रीटही आतून सुकेल, जे पुढील कामासाठी आवश्यकच आहे.

भरण्यासाठी पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे घट्ट झाल्यावरही लवचीक राहणारे भरण, वापरावे. प्रथम डायमंड पात्याच्या कटरने तड्याच्या रेषेवर दहा ते बारा मिलिमीटर रुंद आणि वीस ते पंचवीस मिलिमीटर खोल अशी उभ्या काठांची खाच कापून घ्यावी. छिन्नी-हातोड्याने खाच केली तर काठ आतून खिळखिळे होतात. मग तारेचा ब्रश मारून आणि ब्लोअरने धूळ उडवून खाच कोरडी व स्वच्छ करावी. गाडीचे ऑइल गळून काठावर मुरले असेल तर तेवढा भाग कापून काढण्यावाचून गत्यंतर नाही, कारण तेलकट काठाला काहीही चिकटत नाही. यानंतर खाचेत तिच्याहून किंचित जाड अशी फोमची दोरी दाबून बसवावी. विक्रेते तिला बॅकर रॉड म्हणतात. ही दोरी बहुतेक कारागीर पैसे वाचवण्यासाठी गाळतात आणि काम तेथेच बिघडते. सीलंट फक्त दोन काठांना चिकटले तर ते रबरासारखे ताणले जाऊ शकते. तळालाही चिकटले तर त्याला ताणायला जागाच उरत नाही आणि ते मधोमध फाटते. दोरी त्याला तळाला चिकटू देत नाही. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी, म्हणजे बारा मिलिमीटर रुंदीला सहा मिलिमीटर ठेवावी आणि वरचा पृष्ठभाग काँक्रीटच्या पातळीपासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहू द्यावा, म्हणजे चाक त्यावर घासणार नाही. काठांना आधी प्रायमर लावावा. बाथरूमसाठी मिळणारे सिलिकॉन येथे वापरू नये. डांबर स्वस्त पडते, पण मे महिन्यात मऊ होऊन चपलांबरोबर घरात येते.

आता फाटकाजवळचा तडा. एक बाजू खाली बसली आहे याचा अर्थ काँक्रीटखालचा आधार गेला आहे. नळाच्या पाइपसाठी चर खणतात आणि निघालेली माती एकदम परत लोटून वर काँक्रीट ओततात. सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमस करण्याइतका वेळ कोणाला नसतो. त्यातच नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या मऊ चिकणमातीवर टाकलेल्या भरावावर उभा असल्यामुळे तेथील जमीन वर्षानुवर्षे थोडीथोडी बसत राहते. तड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांपर्यंत हातोडीने हलके ठोकत जा. भरीव जागी टणक आणि आखूड आवाज येईल, पोकळ जागी तो खोल आणि घुमता येईल. पोकळ भागाची कड खडूने आखून ठेवावी.

दुरुस्तीपूर्वी पाइप गळतो का ते पाहणे अगत्याचे आहे. पाणी येण्याच्या वेळेत घरातील सर्व तोट्या आणि टाकीची जोडणी बंद करून मीटरकडे पाहावे. काटा तरीही फिरत असेल तर मीटरपुढच्या पाइपमध्ये गळती आहे आणि तीच माती धुऊन नेत आहे. गळती थांबवल्यावाचून वरचे काम करणे व्यर्थ आहे.

त्यानंतर पोकळ भागाच्या बाहेर निदान फूटभर जागा धरून कटरने चौकोन कापावा आणि आतील काँक्रीट पूर्ण जाडीचे काढून टाकावे. गोल किंवा वेडेवाकडे ठिगळ ठेवू नये, कारण त्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून नवा तडा निघतो. खालची सैल माती काढून मुरूम थराथराने धुमसून बसवावा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि जुन्या काँक्रीटच्या उभ्या काठांत, जाडीच्या मध्यावर, फूट-फूट अंतराने भोके पाडून त्यांत ग्राउटने, म्हणजे भोके भरून घट्ट होणाऱ्या पातळ मालाने, दहा मिलिमीटरच्या सळया बसवाव्यात. नवे काँक्रीट या सळयांनी जुन्याशी बांधले जाते आणि पुन्हा उंच-सखल होत नाही. काठांना एसबीआर लॅटेक्स (चिकटपणा वाढवणारे दुधासारखे रबरी द्रव्य) मिसळलेल्या सिमेंटच्या लगद्याचा हात द्यावा आणि तो ओला असतानाच काँक्रीट ओतावे. लगदा वाळून गेला तर तो चिकटवण्याऐवजी अंतर ठेवतो.

राहिला कोबा. इंचभराचा थर जुन्या, धुळीने आणि ऑइलने माखलेल्या काँक्रीटला नीट धरत नाही, आणि जेथे धरेल तेथे खालचा तडा हलताच वरही तसाच उमटेल. शिवाय वाटेची पातळी इंचभर वर येऊन फाटक घासू लागेल आणि पाण्याचा उतार पोर्चकडे वळण्याची भीती आहे, ती वेगळीच.

प्रश्न : घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीचे आवार ट्रिमिक्स काँक्रीटचे (ओतल्यावर यंत्राने जादा पाणी ओढून घेतलेले) आहे. त्यातील काही भाग भूमिगत पाण्याच्या टाकीच्या वर येतो आणि तेथूनच गाड्यांची ये-जा असते. त्या भागात एकमेकांना समांतर असे तीन-चार तडे पडले असून त्यांच्या कडेने तांबूस डाग दिसतात. एका कंत्राटदाराने इपॉक्सी भरून वरून लेप देण्याचा प्रस्ताव दिला आहे. इमारत वीस वर्षांची आहे. समितीने तो स्वीकारावा का?
(सोसायटीचे एक चिटणीस, ठाणे)

उत्तर : स्वीकारू नये, निदान इतक्यात तरी नाही. टाकीवरचा भाग हा जमिनीवर टेकलेला रस्ता नसून मोकळ्या पोकळीवर उभा असलेला स्लॅब आहे. जमिनीवरचे काँक्रीट तडकले तर गैरसोय होते, हा स्लॅब खचला तर गाडी टाकीत जाईल. म्हणून सर्वप्रथम त्या भागावरून गाड्यांची, विशेषतः पाण्याच्या टँकरची आणि कचऱ्याच्या गाडीची, वाहतूक बंद करून दोन्ही बाजूंना बॅरिकेड लावावेत. अग्निशमन दलाची गाडी आत येण्याचा मार्गही त्यावरूनच असेल तर हे काम एक दिवसही पुढे ढकलू नये.

समांतर तडे आणि तांबूस डाग एकत्र दिसले की आतील सळया गंजत आहेत असेच धरून चालावे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा व्यापतो. तो आतून काँक्रीटला फोडतो आणि तडा नेमका सळईच्या रेषेवर पडतो. इपॉक्सी हे उत्तम द्रव्य आहे, पण ते थांबलेल्या तड्यासाठी, दोन तुकडे पुन्हा सांधण्यासाठी आहे. गंज चालू असताना ते भरले तर आतील गंज चालूच राहतो आणि शेजारी नवा तडा उघडतो. वरचा लेप तर केवळ डाग झाकतो आणि पुढच्या वर्षी पाहणी करणाऱ्याची दिशाभूल करतो.

टाकी रिकामी करून स्लॅबची खालची बाजू स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावी. खरी अवस्था तेथे कळते. टाकीतील दमट हवेमुळे खालच्या सळया वरच्यांहून आधी गंजतात. काँक्रीटचे पापुद्रे सुटलेले आढळल्यास ते सळईच्या मागे वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत काढून, सळया गंज जाईपर्यंत घासून, जेथे सळई फारच बारीक झाली असेल तेथे नवी जोडून, मग गंजरोधक लेप आणि मायक्रोकाँक्रीट किंवा पॉलिमर मॉर्टर असा क्रम असतो. टाकी पिण्याच्या पाण्याची असल्यामुळे आत वापरली जाणारी रसायने त्यासाठी योग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. तड्यांतून आवाराचे घाण पाणी टाकीत झिरपत आहे की नाही याची तपासणीही याच वेळी होईल, आणि मला तर हा मुद्दा गाड्यांइतकाच गंभीर वाटतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, आणि तीस वर्षांपुढील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावयाचे असते. आपले मागील ऑडिट केव्हा झाले आणि त्यात या टाकीचा उल्लेख आहे का, हे दप्तर काढून पाहावे. अनेक अहवालांत इमारत असते आणि टाकी नसते.

प्रश्न : कोपरखैरणे येथील आमच्या घरापुढील काँक्रीटवर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसते. झाडले की पांढरी भुकटीही निघते. हे सगळे तोडावे लागेल का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : नाही. या भेगा पृष्ठभागापुरत्याच, दोन-तीन मिलिमीटर खोल असतात. माल पातळ असताना वर आलेले पाणी टिपण्यासाठी गवंडी कोरडे सिमेंट भुरभुरतात आणि घोटतात. त्यामुळे वर एक कमजोर साय तयार होते, ती आकसून जाळे पडते आणि तिचीच भुकटी निघते. तेथे भरण्यासारखे काही नसते. भुकटीचा त्रास असेल तर ब्रशने घासून, धुऊन, वाळल्यावर सिलिकेटचे हार्डनर मारावे.

प्रश्न : पाचपाखाडीत आमच्या बंगल्याच्या फाटकाशी जुना गुलमोहर आहे. त्याच्या मुळाने काँक्रीट दोन-तीन इंच वर उचलले आहे. मूळ तोडून पुन्हा काँक्रीट करावे असे सुचवण्यात आले आहे.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : गुलमोहराची मुळे उथळ आणि पसरट असतात आणि झाड त्यांच्याच बळावर उभे असते. खोडाजवळचे जाड मूळ तोडले तर पुढच्या पावसाळ्यातील वाऱ्यात झाड गाडीवर किंवा विजेच्या तारांवर येईल. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्यान्वये झाडास इजा करणे हाही गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करून त्यांच्या माणसाला जागा दाखवल्याशिवाय मुळाला हात लावू नये.

माझे मत असे की येथे काँक्रीटचा हट्टच सोडावा. उचललेला भाग कापून काढावा, खोडाभोवती निदान तीन-चार फुटांचे आळे मोकळे ठेवावे आणि उरलेल्या जागेत वाळूच्या थरावर पेव्हर ब्लॉक बसवावेत. मूळ पुढे पुन्हा जाड झाले तर तेवढे ब्लॉक काढून, वाळू सारखी करून, तेच परत बसवता येतात. मुळांना पाणीही मिळते.

प्रश्न : ऐरोलीत आम्ही जुने काँक्रीट काढून संपूर्ण वाट नव्याने करणार आहोत. लांबी दहा मीटर, रुंदी तीन मीटर. तडे पडूच नयेत यासाठी काय करावे?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : तडे पडूच नयेत हे साधत नाही, ते ठरवलेल्या जागी पडावेत एवढे मात्र हाती असते. पाच इंच, म्हणजे १२५ मिलिमीटर जाडी धरली तर आपल्याला पावणेचार घनमीटर काँक्रीट लागेल. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणात जागेवर माल करणार असाल तर सिमेंटची सुमारे तीस पोती होतील. पन्नास किलोच्या एका पोत्याला पंचवीस लिटरपेक्षा जास्त पाणी पडू देऊ नये, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातील पाणी त्यातून वजा करावे. माल पसरायला सोपा जावा म्हणून बिगारी ऐनवेळी बादलीभर पाणी ओततात. त्या क्षणी आपण तेथे उभे असणे हाच त्यावर उपाय आहे.

काम शक्यतो दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करावे आणि एप्रिल-मे टाळावे. ऊन आणि खाडीवरचा वारा एकत्र आले की पृष्ठभागाचे पाणी खालून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा लवकर उडते आणि काँक्रीट घट्ट होण्याआधीच, पहिल्या काही तासांत, त्याला समांतर भेगा पडतात. उन्हाळ्यात करणे भागच असेल तर संध्याकाळी ओतावे आणि घोटाई होताच प्लास्टिक अंथरावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, काठाची खडी निसटत नाही इतपत काँक्रीट घट्ट झाले की लगेच दर अडीच ते तीन मीटरवर आडवे काप घ्यावेत. कटरवाला दोन दिवसांनी येतो म्हणाला तर दुसरा बघावा, कारण तोपर्यंत काँक्रीटने आपली जागा निवडलेली असते. कुंपणभिंत, पोर्चचे खांब आणि चेंबरच्या कडा यांच्याभोवती अर्ध्या इंचाचा थर्माकोल उभा लावून नवे काँक्रीट त्यांच्यापासून सुटे ठेवावे. खांबाच्या कोपऱ्यापासून निघणारे तिरपे तडे त्यामुळे टळतात. पाण्याचा उतार फाटकाकडे, दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर द्यावा.

पाणी मारण्याच्या बाबतीत आयएस ४५६ चे म्हणणे स्पष्ट आहे. साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पृष्ठभाग सतत ओला राहिला पाहिजे. आजकाल घरगुती कामांना बहुधा पीपीसीच येते, म्हणून दहा दिवसच धरावेत. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडणे पुरेसे नसते, कारण मधल्या वेळेत ते सुकते. मातीची आळी करून पाणी साठवावे किंवा ओली बारदाने अंथरून ती ओलीच ठेवावीत. या दहा दिवसांत गाडी बाहेर रस्त्यावर लावावी. त्यानंतर मोटार आत घेण्यास हरकत नाही, पण वाळूचा ट्रक किंवा पाण्याचा टँकर अठ्ठावीस दिवस होईपर्यंत फाटकाच्या आत येऊ देऊ नये.